माझी दुसरी नळी मोजा: बायोबँकवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मोठमोठ्या बायोबँका (लोकांचं रक्त, डीएनए आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या संस्था) चालवणारे संचालक, रक्तातली प्रोटीन्स मोजायला पैसा पुरवणाऱ्या औषध कंपन्या आणि हा डेटा वापरणारे सगळे संशोधक यांना,

नमस्कार.

मागच्या महिन्यात मला एक पत्र आलं, ज्या अभ्यासात मी कित्येक वर्षांपासून नाव नोंदवून आहे त्यांच्याकडून. नवा टप्पा सुरू होतोय, हजारो लोकांच्या रक्तातली हजारो प्रोटीन्स मोजणार, ती प्रत्येकाच्या डीएनएशी जुळवून बघणार आणि कुठल्या आजाराचं मूळ कुठल्या प्रोटीनमध्ये आहे ते शोधणार. वाचून मला मनापासून आनंद झाला. मग तिसऱ्या पानावर, कोण पात्र नाही त्याच्या यादीत, एक ओळ दिसली: गरोदर असलेल्या किंवा वर्षभरात बाळंत झालेल्या सहभागींचे नमुने मोजणीत घेतले जाणार नाहीत, आणि तशा काळात आधी घेतलेले नमुने असतील तर तेही वगळले जातील. कारण काय, तर गरोदरपणात प्रोटीनची पातळी फार वरखाली होते.

ती ओळ वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. अभ्यासाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हा एका संस्थेचा दोष नाही, तुमच्या सगळ्या क्षेत्राची ही सवय झालीय, म्हणून पत्र सगळ्यांना.

आधी माझं काय त्यात ते सांगते. त्या अभ्यासात मी दोनदा रक्त दिलंय. पहिल्यांदा लग्नाआधी, धडधाकट असताना. दुसऱ्यांदा गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यात. तारीख आधीच ठरलेली होती आणि शब्द दिलाय तर जायचं म्हणून गेले, नवऱ्याच्या खांद्याला धरून आणि हातात उलटीची पिशवी घेऊन. रक्त घेणाऱ्या ताईंना शीर सापडेना कारण अंगात पाणीच नव्हतं, तिसऱ्यांदा टोचल्यावर जांभळ्या टोपणाची नळी भरली. त्यांनी फॉर्मवर गरोदर या चौकटीत खूण केली आणि हळूच म्हणाल्या, ही ठेवतील, पण मोजणार नाहीत बहुतेक. तेव्हा मला कशाचंच भान नव्हतं. आज ते वाक्य आठवतं.

डोहाळे कडक आहेत, असं घरातल्या सगळ्यांनी आधी म्हटलं. सहाव्या आठवड्यापासून पाण्याचा घोट पोटात राहत नव्हता. दिवसातून वीस-पंचवीस वेळा उलटी, शेवटी फक्त पित्त आणि रक्ताची रेघ. बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून झोपायचे कारण ती गार असायची आणि उठून परत यायची ताकद नसायची. लघवीच्या पट्टीवर कीटोनचा (उपाशी शरीर चरबी जाळतं त्याची खूण) रंग गडद जांभळा यायचा, तीन वेळा सलाइनसाठी भरती झाले, नऊ किलो वजन गेलं. त्या सगळ्यात एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं की मुलीला हे मूल हवंय ना नक्की? आईने मला ते दोन वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना ती रडली, कारण क्षणभर तिलाही तसं वाटून गेलं होतं.

या आजाराचं नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बायकांना हॉस्पिटलात भरती करायला लागतं त्यातलं हे एक मोठं कारण आहे. आणि वर्षानुवर्षं त्याचं खापर बाईच्या मनावर फोडलं गेलं.

आता तुमच्याच विज्ञानाने काय केलं बघा, मी तुमच्या बाजूनेच बोलतेय. २०१८ मध्ये मार्लेना फेज्झो या जीन-संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो बायकांचा डीएनए तपासून दाखवलं की या आजाराचा धागा जीडीएफ-१५ नावाच्या प्रोटीनच्या जीनपाशी जातो. फेज्झोबाईंनी स्वतः हा आजार भोगलाय, त्यात त्यांचं बाळ गेलं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. मग २०२३ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाबरोबर त्यांचा पेपर नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला आणि चित्र बरंच साफ झालं. जीडीएफ-१५ रक्तातून मेंदूच्या देठापर्यंत पोचतं, तिथे त्याचा एक रिसेप्टर (त्याला पकडणारी जागा) असतो आणि त्यातून मळमळ-उलटी सुरू होते. गरोदरपणात हे प्रोटीन आईच्या रक्तात भराभर वाढतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं येतं बाळाकडून आणि वारेतून.

इथवर सरळ वाटतं, प्रोटीन वाढलं, उलट्या झाल्या. पण ज्या जीन-बदलांमुळे हा आजार होतो ते बदल प्रोटीन वाढवत नाहीत, कमी करतात! सी२११जी नावाचा एक दुर्मीळ बदल आहे, त्यात प्रोटीनची घडी नीट बसत नाही, ते पेशीबाहेर पडत नाही आणि जीनच्या दुसऱ्या प्रतीवरून बनलेल्या धडधाकट प्रोटीनलाही आत अडकवून ठेवतं. तो बदल असलेल्या बाईला हा आजार व्हायचा धोका किमान दसपट. म्हणजे जिच्या रक्तात आयुष्यभर जीडीएफ-१५ कमी होतं तिच्या मेंदूला त्याची सवयच नसते, आणि मग बाळाकडून एकदम पूर येतो तेव्हा तिला तो झेपत नाही. उलट बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हे प्रोटीन कायम चढं असतं, तर त्या बायकांना गरोदरपणी मळमळ-उलटी खूपच कमी होते असं दिसलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं, मग आईला फोन केला.

म्हणून मला ती तिसऱ्या पानावरची ओळ सहन होत नाही. या आजाराचं उत्तर "आधी किती होतं आणि नंतर किती झालं" यातच दडलेलं आहे. तुमच्या फ्रीझरमध्ये माझ्या दोन नळ्या आहेत, एक आधीची, एक नंतरची. माझ्यासारख्या आणखी कितीजणी असतील. आणि तुम्ही नंतरचीच वगळताय, पातळी वरखाली होते म्हणून. अहो, वरखाली होते हाच तर आजार आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक करून.

पहिली आणि सगळ्यात मोठी, तुम्ही कोणाचं रक्त गोळा करता. यूके बायोबँक घ्या, जगभर जिचं नाव आहे आणि तिने खरोखर मोठं काम केलंय. २००६ ते २०१० मध्ये सुमारे पाच लाख लोक, वय ४० ते ६९. म्हणजे बाळंतपणाचं वय बहुतेकींचं सरलेलं. त्यातल्या ५४,२१९ लोकांच्या रक्तातली २,९२३ प्रोटीन्स तेरा औषध कंपन्यांच्या पैशातून मोजली गेली आणि २०२३ मध्ये त्यातून जीन आणि प्रोटीन यांच्यातले चौदा हजारांवर दुवे बाहेर आले. इंटरव्हल नावाचा दुसरा मोठा अभ्यास इंग्लंडमधल्या रक्तदात्यांवर झाला, आणि गरोदर बाई तर रक्तदान करूच शकत नाही. म्हणजे कोणी मुद्दाम हाकललं नाही तरी आम्ही दारातच अडकतो, आणि चुकून आत आलोच तर माझ्या नळीसारखं होतं.

मला माहितीय की यामागे भीती आहे आणि ती भीती कुठून आली तेही माहितीय. थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये बाजारात आलं, गरोदरपणातल्या मळमळीवरही सर्रास दिलं गेलं, दहा हजारांवर बाळं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली आणि १९६१ च्या शेवटी ते मागे घेतलं. त्यानंतर अमेरिकेत १९७७ ला नियम आला की मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचंच नाही, तो १९९३ ला बदलला. मळमळीवरचं एक औषध नीट तपासलं नाही म्हणून बाळं गेली, आणि त्यातून धडा काय घेतला, तर बायकांनाच तपासणीतून बाहेर ठेवा. पण औषध देणं आणि नळीभर रक्त घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गरोदर बाईचं रक्त तसंही तपासणीसाठी अनेकदा काढलं जातं. त्यातलं थोडं तुम्हाला दिलं तर बाळाला कसला धोका?

आणि गरोदरपणातल्या रक्तातून खूप काही कळतं याचा पुरावा हवा असेल तर प्रीएक्लॅम्पसिया बघा, ज्यात बीपी चढतं आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तिथे एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या दोन प्रोटीन्सच्या प्रमाणावरून पुढच्या आठवड्यात धोका आहे की नाही याचा अंदाज घेता येतो, ही टेस्ट आज वापरात आहे. २०१७ मध्ये असंही दिसलं की या आजाराशी जोडलेला जीन-बदल यातलं पहिलं प्रोटीन बनवणाऱ्या एफएलटी-१ जीनजवळच आहे, पण आईच्या डीएनएमधला नाही, बाळाच्या! रक्त आईचं, जीन बाळाचा, आजार आईला. तुमच्या आत्ताच्या डेटात एका माणसाचा डीएनए आणि त्याच माणसाचं रक्त अशी जोडी असते, तिथे हे कधीच सापडलं नसतं.

दुसरी तक्रार मोजणीची. ही जरा किचकट आहे पण सोडवत नाही. तुम्ही प्रोटीन थेट मोजत नाही, त्याला चिकटणारी अँटीबॉडी किंवा डीएनएचा छोटा तुकडा वापरता आणि किती चिकटलं त्यावरून किती होतं ते ठरवता. आता जीनमधल्या बदलाने प्रोटीनचा आकारच जरासा बदलला तर अँटीबॉडी कमी चिकटते, आकडा खाली येतो, आणि पेपरात छापून येतं की या जीन-बदलामुळे प्रोटीन कमी होतं. प्रत्यक्षात प्रोटीन तेवढंच असतं, फक्त तुमच्या हाताला लागत नाही. जीडीएफ-१५ मध्ये नेमकं हेच आहे. त्या प्रोटीनमध्ये २०२ व्या जागेवर काहींच्यात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि काहींच्यात अस्पार्टेट नावाचं, दोन्ही लोकांत सर्रास आढळतं, आणि काही टेस्ट किट्स त्यामुळे चुकीचा आकडा देतात. नुसत्या किटवर विसंबून कोणी निष्कर्ष काढला असता तर या आजाराची दिशाच चुकली असती कदाचित. पण त्या २०२३ च्या गटाने काय केलं, तर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे वजनावरून रेणू ओळखायची पद्धत, वापरली, आणि ज्या जोड्यांमध्ये आईचं रूप एक आणि बाळाचं दुसरं होतं तिथे आईच्या रक्तातलं प्रोटीन कोणाचं ते वेगळं करून मोजलं. बाळाकडून येतं हे असं सिद्ध झालं. जो बदल मोजणीत घोळ घालत होता त्यालाच त्यांनी खूण म्हणून वापरलं. इतकं सुंदर काम मी क्वचितच वाचलंय. मग बाकीच्या हजारो दुव्यांसाठी ही मेहनत का नाही घेत तुम्ही? अँटीबॉडीची पद्धत आणि डीएनए-तुकड्याची पद्धत यांचे आकडे कित्येक प्रोटीन्ससाठी एकमेकांशी नीट जुळत नाहीत हे तुमच्याच लोकांनी छापलंय. आणि तरी बातम्यांमध्ये येतं की अमुक आजाराचं कारण सापडलं.

त्याला लागूनच, कारण आणि खूण यातला फरक. सीआरपी आठवा, शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन. हृदयविकार असलेल्यांत सीआरपी चढलेलं असतं म्हणून किती वर्षं त्यालाच गुन्हेगार ठरवत होतो आपण, पण ज्यांच्यात जन्मापासून जीनमुळे सीआरपी जास्त असतं त्यांना हृदयविकार जास्त होत नाही असं दिसलं, म्हणजे ते धूर होतं, आग दुसरीकडे. डीएनए जन्माआधीच वाटला जातो, आजार झाल्यामुळे तो बदलत नाही, म्हणून त्याच्या आधाराने प्रोटीनचा दोष तपासता येतो, ही तुमची पद्धत मला खरंच पटते. पण ती पद्धत तेव्हाच चालते जेव्हा बदल त्या एकाच प्रोटीनमधून काम करतो. रक्तगट ठरवणारा एबीओ जीन ढीगभर प्रोटीन्सच्या पातळीशी जोडलेला निघतो, तिथे कोणामुळे काय झालं हे कसं सांगणार? हे इशारे पेपरच्या शेवटच्या पानात बारीक अक्षरात असतात, ते पहिल्या पानावर आले पाहिजेत.

तिसरी, कोणत्या वंशाचे लोक. जीन शोधायच्या अभ्यासांतले बहुतांश लोक आजही युरोपीय वंशाचे आहेत, यूके बायोबँकेत तर ९० टक्क्यांहून जास्त. बाकीचे आले तरी संख्या कमी म्हणून मुख्य विश्लेषणातून बाजूला काढतात. यात तुमचंच नुकसान आहे. पीसीएसके-९ बघा, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रोटीनचा जीन, या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं यश. २००६ मध्ये दिसलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सहभागींपैकी २.६ टक्के लोकांत हा जीन अर्धा बंद पडलेला होता, त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. नऊ वर्षांत, २०१५ ला, त्यावरून दोन औषधं मंजूर झाली. ते लोक संख्या कमी म्हणून वगळले असते तर? याच्या उलट गोष्ट डॅरापलॅडिबची. एलपी-पीएलए-२ नावाचं रक्तातलं एन्झाइम दाबणारं औषध, २८ हजारांहून जास्त रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या केल्या, २०१४ मध्ये दोन्ही फसल्या. पूर्व आशियात कित्येक लोकांत हे एन्झाइम जीनमुळे जन्मापासूनच बंद असतं, तो बदल युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. नंतर चीनमधल्या मोठ्या अभ्यासात बघितलं तर त्या लोकांना हृदयाचे आजार काही कमी होत नव्हते. हा प्रश्न आधीच योग्य ठिकाणी विचारला असता तर इतक्या रुग्णांची वर्षं वाचली असती.

चौथी, आम्हाला काहीच कळवत नाही तुम्ही. माझ्यात तो बदल आहे की नाही मला माहीत नाही. माझी धाकटी बहीण आता मूल होऊ द्यायचा विचार करतेय आणि ती मला विचारते, ताई, मला पण होईल का गं तसं? माझं रक्त आणि माझा डीएनए तुमच्याकडे आहे, उत्तर कदाचित तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पडलेलं आहे, आणि मी तिला म्हणते, माहीत नाही. नियम काय आहे ते मी सही करताना वाचलं होतं, वैयक्तिक निकाल दिले जाणार नाहीत, मान्य. पण नियम तुम्हीच केलाय, तुम्हीच बदलू शकता.

तर मागण्या. मोजक्याच आहेत.

गरोदर आणि बाळंत बायकांना वगळणारी अट काढा. ज्यांना द्यायचंय त्यांना नीट समजावून, लेखी संमती घेऊन रक्त घ्या, शक्य तिथे आधी, मध्ये आणि नंतर असं तीनदा, आणि बाळंतपणात नाळेतलं रक्तही, म्हणजे बाळाचा डीएनएही जोडता येईल. द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू.

जो दुवा छापाल त्याच्याबरोबर स्पष्ट लिहा की प्रोटीन कशाने मोजलं, त्या बदलाने मोजणीच बिघडत नाही ना हे तपासलं का, आणि दुसऱ्या पद्धतीने पडताळलं का. नसेल पडताळलं तर तसं लिहा, लाज वाटायचं कारण नाही. ज्या प्रोटीनचा आजाराशी संबंध नाही असं दिसलं तेही छापा, नाहीतर दुसरा कोणीतरी त्याच्यावरच औषध बनवायला जाईल.

पुढच्या टप्प्यात वेगवेगळ्या वंशाचे लोक सुरुवातीपासून पुरेशा संख्येने घ्या आणि त्यांचं विश्लेषण मुख्य पेपरात ठेवा, परिशिष्टात नको.

ज्यांना हवंय त्यांना आजाराशी पक्का संबंध असलेले स्वतःचे निकाल समुपदेशकाच्या मदतीने मिळायची सोय करा. ज्यांना नकोय त्यांना देऊ नका.

आणि एक फक्त माझ्यासाठी. माझ्या अभ्यासाच्या लोकांना मी वेगळं पत्र पाठवलंय, त्यात माझा सहभागी क्रमांक आणि दोन्ही भेटींच्या तारखा दिल्यात. ती दुसरी नळी अजून फ्रीझरमध्ये असेल, उणे ८० ला, गरोदर अशी खूण केलेली. ती पहिलीच्या शेजारी ठेवून मोजा. बहिणीने डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात घेतलीय.

आपली,
एक सहभागी